कंपनीत दिवसभर नेमकं काय काम असतं?

ज्यांना भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोललोय तसंच ठेवलंय, थोडं आवरून.

डिप्लोमा किंवा बी.ई.च्या शेवटच्या वर्षाची मुलं भेटली की एकच प्रश्न विचारतात: "दादा, कंपनीत लागल्यावर दिवसभर करायचं काय?" कॉलेजात याचं उत्तर मिळत नाही आणि इन्स्टावर फक्त सेफ्टी हेल्मेटमधले फोटो दिसतात. मी चाकणला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणून आज माझ्या कामातलंच उदाहरण घेऊन सांगतो.

आधी दिवस कसा जातो ते. आमच्याकडे फर्स्ट शिफ्ट सात ते साडेतीन, म्हणजे सहाच्या आत स्टॉपवर उभं राहायचं. गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर. आत गेल्यावर मागच्या शिफ्टकडून चार्ज घ्यायचा: कुठल्या मशीनवर काय चालू आहे, किती रिजेक्शन गेलं, कुठला जॉब अडकलाय. जॉब म्हणजे नोकरी नाही बरं का! शॉपवर मशीनवरच्या पार्टला जॉब म्हणतात. शिफ्ट आठवड्याला बदलते आणि नाइटच्या आठवड्यात झोपेचे हाल होतात.

आता मुख्य काम. समजा एक शाफ्ट आहे, त्यावर बेअरिंग बसतं. ड्रॉइंगवर व्यास दिलाय २४.९८७ ते २५.००० मिलिमीटर. म्हणजे सगळी मोकळीक १३ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या पाचव्या भागाएवढ्या जागेत हा व्यास बसवायचा. शाफ्ट याहून बारीक झाला तर बेअरिंग घट्ट बसत नाही, ते शाफ्टवरच सरकायला लागतं, शाफ्ट झिजतो आणि गाडी आवाज करते.

पहिल्याच आठवड्यात आमच्या सेटर मामांनी मला एक गोष्ट शिकवली. तीस वर्षं ग्राइंडिंगवर काढलेला माणूस. मशीनमधून निघालेला जॉब माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "साहेब, कोमट लागतोय ना? मग आत्ता मोजू नका." वयाने वडिलांएवढा माणूस मला साहेब म्हणतो, याची सवय व्हायला वेळ लागला. मी त्यांना मामाच म्हणतो.

त्यांच्या बोलण्यामागचं गणित सोपं आहे. पोलाद तापलं की फुगतं. २५ मिलिमीटरचा शाफ्ट २० अंशांनी जास्त गरम असेल तर व्यास साधारण ६ मायक्रॉनने वाढतो. आपली मोकळीक १३ची, त्यातली जवळजवळ निम्मी नुसत्या उष्णतेनं खाल्ली! गरम असताना ओके दिसलेला जॉब थंड झाल्यावर अंडरसाइज निघू शकतो. म्हणूनच मोजमापासाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे तापमान ठरलेलं आहे आणि म्हणूनच आमच्या स्टँडर्ड रूमला एसी असतो. तो आमच्यासाठी नाही, जॉबसाठी आहे.

थर्मल एक्सपान्शन सगळेच शिकतात. इथे त्याची किंमत कळते.

आता ती किंमत कोण मोजतं? महिनाअखेर होती. संध्याकाळी गेटवर टेम्पो उभा, डिस्पॅचवाले दर दहा मिनिटांनी फोन करतायत. लॉटमधले जॉब थंड करून तपासले तर काही २४.९८५, काही २४.९८४. म्हणजे दोन-तीन मायक्रॉन खाली. वरिष्ठ म्हणाले, "अरे, दोन मायक्रॉनने काय होतंय? सोड." रिपोर्टवर सही माझी लागणार होती.

असं काही झालं की तीन रस्ते असतात, ते तुम्हाला माहीत असू द्या. एक, सगळा लॉट एकेक करून मोजायचा, चांगला माल वेगळा काढायचा आणि बाकीचा लाल बिनमध्ये टाकायचा. दोन, कस्टमरला खरे आकडे कळवून लेखी परवानगी मागायची. याला डेव्हिएशन म्हणतात. ते कधी हो म्हणतात, कधी नाही. तीन, रिपोर्टवर २४.९८८ लिहून टाकायचं. तिसरा सगळ्यात सोपा. कुणी उघड सांगत नाही, पण "सोड"चा अर्थ तोच असतो.

मी सही केली नाही. मामा आणि दोन ऑपरेटर शिफ्ट संपूनही थांबले, रात्री एकपर्यंत आम्ही सॉर्टिंग केलं. टेम्पो अर्ध्याहून थोडा जास्त भरून गेला. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मला बोलणी बसली आणि त्या महिन्याचं टार्गेट हुकलं. कुणी पाठ थोपटली नाही. खरं सांगू? नोकरीची भीती मलाही वाटत होती. घराचा हप्ता सगळ्यांनाच असतो.

हे सांगतोय कारण कंपनीतलं काम म्हणजे मशीन, सॉफ्टवेअर, एक्सेल एवढंच नाही. जो आकडा दिसला तोच लिहायचा, हे त्यातलं सगळ्यात अवघड काम आहे.

आणि "नाही" म्हणण्याची ताकद तुम्ही कुठल्या कागदावर कामाला लागलात यावरही ठरते. म्हणून जॉइन होण्याआधी एवढं विचाराच. एक, मी कंपनीच्या रोलवर आहे, काँट्रॅक्टरच्या की अप्रेंटिस? १९६१च्या अप्रेंटिस कायद्यात अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नाही. करारात लिहिलेलं नसेल तर मुदत संपल्यावर कंपनी तुम्हाला घेईलच असं नाही. दोन, पीएफ कापणार का? तीन, जास्तीच्या तासांचं काय? कामगारांना ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा असा कायदा आहे, पण स्टाफमध्ये घेतलेल्या इंजिनिअरला बहुतेक ठिकाणी तो मिळत नाही. चार, क्वालिटीचा माणूस कुणाला रिपोर्ट करतो? प्रॉडक्शनच्याच साहेबांना करत असेल, तर महिनाअखेरी काय होणार ते तुम्हीच ओळखा.

इंटरव्ह्यूला शॉप दाखवतात तेव्हा लाल बिनकडेही एक नजर टाका. कुलूप आहे का, आतल्या जॉबवर टॅग आहेत का? लाल बिन कायम रिकामा आणि चकचकीत असेल तर मला तरी शंका येते.

तुमच्या कंपनीत कसं चालतं ते व्हॉइस नोट करून पाठवा, कंपनीचं नाव नको. पुढच्या भागात नाइट शिफ्ट आणि झोप यावर बोलू. तोवर काळजी घ्या, आणि जॉब थंड झाल्यावरच मोजा!