कापसाची वेचणी व गृध्रसी

कमरेंतून निघून मांडी व पोटरीवाटे पावलापर्यंत उतरणारी कळ ती गृध्रसी, म्हणजेच सायटिका. चरकसंहितेंतही हिचें वर्णन आहे. दोन मणक्यांमधील गादी सरकून नसेच्या मुळास दाबते, हें तिचें मुख्य कारण. तें बोस्टन येथील मिक्सटर व बार या डॉक्टरांनीं १९३४ सालीं दाखविलें.

वऱ्हाडांत वेचणीच्या दिवसांत वांकून काम करणें व गांठोडीं उचलणें यांचा भार कमरेवरच पडतो. वेचणी बहुधा मजूर स्त्रिया करितात. तेव्हां ४० किलोच्या एका गांठोड्याऐवजीं २० किलोचीं दोन बांधविणें हें मालकाच्या हातीं आहे. उचलतांना गुडघे वांकवावे, ओझें अंगाशीं धरावें व कंबर पिळूं नये.

बहुतेकांस ६ ते १२ आठवड्यांत उतार पडतो. अंथरुण धरून राहूं नये. सोसवेल तितकें चालावें, शेक घ्यावा, ओझें मात्र वर्ज्य करावें. परंतु पाऊल लुळें पडल्यास, बैठकीची जागा बधिर झाल्यास किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटल्यास त्याच दिवशीं अमरावती वा अकोल्याचें सरकारी रुग्णालय गांठावें. वेचणी चार दिवस मागें पडली तरी चालेल; दबलेली नस तितकी वाट पाहत नाहीं.