हत्तीची लीद आणि तेरा माकडं

बसा रे पोरांनो, कंदील जरा मोठा करा. आज शेणाची गोष्ट आहे. हसताय काय, ज्या अंगणात बूड टेकलंत ते आजीनं कालच शेणानं सारवलंय! फक्त हे शेण हत्तीचं, आणि हत्तीच्याला लीद म्हणायचं, नाहीतर माहूत हसतो.

इंग्लंडात मँचेस्टरला १९६८ साली एक मुलगा जन्मला, ख्रिस ओफिली, आईबाप नायजेरियाकडचे. चित्रकला शिकत असतानाच १९९२ साली तो झिम्बाब्वेला गेला, आणि तिथल्या मातोबोच्या डोंगरात, सान लोकांनी फार फार जुन्या काळी रंगवलेल्या गुहांत, त्याला भिंतीवर ठिपकेच ठिपके दिसले. आपल्या बाया रांगोळीला घालतात ना, तसेच म्हणा. ते ठिपके गड्याच्या हाताला असे चिकटले की पुढं त्याची चित्रंच्या चित्रं ठिपक्यांनी भरली. आणि येताना सोबत काय आणलं? हत्तीची लीद!

आता गंमत बघा. गाय चार कप्प्यांच्या पोटात चारा भरते, निवांत रवंथ करते, म्हणून शेण कसं मऊसूत. हत्तीला रवंथ ठाऊक नाही. दिवसाला दीडशेक किलो पाला, गवत, साली तो पोटात ढकलतो, थोडंफार पचतं ते शेवटच्या मोठ्या आतड्यात, आणि निम्म्याहून जास्त माल तसाच बाहेर. लहानपणी गावात सर्कस आली की आम्ही तंबूमागं काडीनं लीद उकरायचो, तर आत उसाची चिपाडं शाबूत! भिंतीच्या मातीत भुसा कालवावा तसे ते धागे गोळ्याला धरून ठेवतात. वाळला की नारळाएवढा टणक.

तर हा बाबा त्या गोळ्यांना राळेचा थर द्यायचा, काही चित्रावर चिकटवायचा, आणि चित्र भिंतीला टांगायच्या ऐवजी दोन गोळ्यांवर उभं करायचा. आणलेली लीद पुरती किती दिवस? मग लंडनच्या प्राणिसंग्रहालयातून मिळू लागली. १९९८ साली त्याला कलेचं टर्नर पारितोषिक मिळालं; ते मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय चित्रकार. तर एका रागावलेल्या गृहस्थानं ते पारितोषिक देणाऱ्या टेट गॅलरीच्या पायऱ्यांवर शेणच आणून ओतलं. आपल्याकडं असतं तर कुणीतरी गोवऱ्या थापल्या असत्या.

त्याच टेटनं २००५ साली त्याची तेरा चित्रं घेतली. ती मांडायला मंद उजेडाची लाकडी खोली, गाभाऱ्यासारखी. येशू बारा शिष्यांसह शेवटचं जेवला त्या माडीचं नाव तिला दिलंय, पण आत बसलीयत माकडं, आपल्याकडं उत्तरेच्या देवळांतून दिसतात ती लाल तोंडाची. बारा एका मापाची, तेरावं मोठं. आणि पायाखाली, मोजा, सव्वीस गोळे.