पाठीवरचा पंप आणि घरातली बाटली

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात जे घडले ते विदर्भातील कापूस पट्ट्यात अजून कोणी विसरलेले नाही. जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. कोणाची नजर अंधुक झाली, कोणाला उलट्या थांबेनात, कोणाला श्वास घेता येईना. यातील बहुतेकांनी विष प्यायलेले नव्हते. ते नेहमीप्रमाणे सकाळी पंप पाठीला लावून रानात गेले होते.

त्या वेळी शहरात बसलेल्या अनेकांनी एका वाक्यात निकाल दिला, की शेतकरी अडाणी आहे, हातमोजे घालत नाही. हे बोलणे सोपे आहे. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, काही ठिकाणी त्याहूनही उंच. अशा पिकात नळी वर धरून फवारले की तुषार स्वतःच्याच चेहऱ्यावर आणि छातीवर पडतात. हवेत दमटपणा, अंगाला घाम, कपडे ओलेचिंब. त्यात गुलाबी बोंडअळीची धास्ती. एका औषधाने भागत नाही म्हणून दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळली गेली, आणि दिवसभर, एकामागून एक दिवस, तेच काम चालले. हाताने दट्ट्या मारण्याच्या जुन्या पंपाऐवजी बॅटरीचे पंप आले होते. त्यांच्या जोरामुळे फवारा बारीक होतो आणि हवेत जास्त वेळ तरंगतो. नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने पाच औषधांच्या विक्रीवर काही काळासाठी बंदी घातली, तोवर हंगाम सरला होता.

मुख्य गोष्ट ही की विष शरीरात जायला तोंडच लागते असे नाही. ते कातडीतून जाते, डोळ्यांतून जाते, श्वासातून जाते. घामाने ओल्या झालेल्या, गरम कातडीतून तर अधिक लवकर जाते. पाठीवरचा पंप झिरपत असेल तर सदरा भिजतो आणि ते भिजलेले कापड चार-पाच तास पाठीला चिकटून राहते. तोंडाला बांधलेला सुती रुमाल किंवा दुपट्टा हा मास्क नव्हे. तो तुषार शोषून घेतो आणि ओला झाल्यावर तेच विष नाकातोंडाशी धरून ठेवतो.

आपल्याकडे भाषेनेही घोटाळा केला आहे. मराठीत आपण ‘औषध मारतो’, घरी दखनी-उर्दूत ‘दवाई मारी’ म्हणतो. दवाई म्हटले की ती थोडी अंगावर सांडली तर काय बिघडते, असे मन आपोआप म्हणते. आम्ही वर्गात हा शब्द सुधारायला सांगतो. मुले ‘विष’ म्हणायला लाजतात, पण बाटलीवर तेच छापलेले असते.

बाटलीवरचा चौकोन आडवा-तिडवा करून त्यात दोन त्रिकोण काढलेले असतात. खालच्या त्रिकोणाचा रंग वाचायला अक्षरओळख लागत नाही. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्यावर कवटी आणि हाडांचे चित्र असते. पिवळा त्याखालोखाल, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे, एवढे लक्षात ठेवावे. दुकानात दोन औषधे एकाच किडीवर चालणारी असतील तर हिरव्या-निळ्या त्रिकोणाचे आधी मागावे. दुकानदार आपल्याच मोहल्ल्यातला असला तरी पक्के बिल घ्यावे, मुदत संपल्याची तारीख पाहावी. बिल नसेल तर पुढे तक्रार कशाच्या आधारावर करणार?

बाटलीबरोबर घडी घातलेले एक माहितीपत्रक मिळते. अक्षरे मुंगीएवढी असतात आणि अनेक भाषा त्या एका कागदावर दाटीने बसवलेल्या असतात. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ते चष्म्याशिवाय वाचता येत नाही. आमच्या अनेक घरांत अब्बांचे शिक्षण उर्दू शाळेत चौथी-पाचवीपर्यंत झालेले, मराठी बोलता उत्तम येते पण वाचताना अडखळते. मात्र त्याच घरात आठवीतली मुलगी मराठी धडधडीत वाचते. ती ते पत्रक हातात न धरता, ओट्यावर पसरून, मोठ्याने वाचून दाखवू शकते. किती पाण्यात किती औषध, कोणत्या पिकावर, फवारल्यानंतर किती दिवस माल तोडायचा नाही, विषबाधा झाल्यास काय करायचे, हे चार मुद्दे तिने वाचले तरी पुष्कळ झाले.

मात्रेचा हिशेब तर सरळ सातवीच्या गणिताचा आहे. समजा पत्रकावर एकरी 200 लिटर पाण्यात 400 मिली लिहिले आहे. म्हणजे लिटरला 2 मिली. पंप 15 लिटरचा असेल तर एका पंपाला 30 मिली. एवढेच. पण रानात मोजमाप चालते ते ‘ढक्कन’ने. एका बाटलीचे ढक्कन 10 मिलीचे असते, दुसरीचे 25 चे. ‘दोन ढक्कन टाक’ असे शेजाऱ्याने सांगितले तर ते कोणत्या बाटलीचे, हे कोणी विचारत नाही. खोकल्याच्या औषधाबरोबर येते तसे खुणा असलेले एक प्लास्टिकचे मापपात्र पंपाच्या पट्ट्याला कायमचे बांधून ठेवावे, आणि ते दुसऱ्या कशासाठीही वापरू नये.

‘थोडे जास्त टाकले तर जास्त गुण येईल’ हा समज तर सर्वांत महागात पडणारा. जादा मात्रेने मावा-तुडतुडे खाणारे ढालकिडे आणि क्रायसोपा आधी मरतात. ज्या थोड्या किडी वाचतात त्यांची पुढची पिढी त्या औषधाला दाद देत नाही. मग पुढच्या वर्षी आणखी जहाल औषध, आणखी खर्च.

गुलाबी बोंडअळीचेच पाहा. पतंग फुलावर, बोंडावर अंडी घालतो. अळी बाहेर आली की थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि छिद्र बुजते. त्यानंतर वरून कितीही जहाल फवारा मारला तरी आत बसलेल्या अळीपर्यंत तो पोहोचत नाही. यवतमाळमध्ये माणसे ज्या विषाने आजारी पडली, त्यातले बरेचसे विष अशा वेळी मारले गेले जेव्हा अळी आधीच सुखरूप आत होती. आम्हाला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत जास्त बोचते.

म्हणून फवारणीआधी पाहणी. एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन रात्री सापडले, तर फवारणीची वेळ झाली असे समजावे. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले फूल, म्हणजे डोमकळी, दिसली की ती तोडून आतल्या अळीसह नष्ट करावी. शेतात फिरत वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडे तोडून फोडावीत. दोन बोंडांत अळी किंवा तिचे नुकसान दिसले तर दहा टक्के झाले, आता औषध घ्यावे. एकही सापडली नाही तर त्या दिवशी पैसे खिशात आणि माणूस घरात. सुरुवातीच्या काळात पाच टक्के निंबोळी अर्क चांगला उपयोगी पडतो. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी गाळून द्रावण शंभर लिटर करायचे. निंबोळ्या गावात फुकट मिळतात, फक्त मे-जूनमध्ये वेचून वाळवून ठेवण्याचा आळस आडवा येतो. आणि कपाशी डिसेंबरअखेर उपटून काढावी. फरदडीच्या लोभाने उभी ठेवलेली पऱ्हाटी पुढच्या वर्षीच्या अळ्या पोसते.

फवारायचेच ठरले तर वाऱ्याकडे पाठ करून, सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर. अंगभर कपडे, रबरी हातमोजे, चष्मा, खरा मास्क. पंप आधी साध्या पाण्याने भरून कुठे गळतो ते पाहावे. औषध काठीने ढवळावे. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये, जुन्या ब्रशने साफ करावे. आणि विदर्भातल्या बांधवांसाठी एक वेगळे सांगणे: फवारताना खर्रा नको. औषधाचा हात खर्ऱ्याला, खर्रा तोंडात, म्हणजे विष प्यायल्यासारखेच.

काम संपल्यावर थेट मशिदीच्या हौदावर जाऊन वजू करून जमातीत उभे राहणारे आम्ही पाहिले आहेत. वजू आपल्या जागी आहे. पण त्यात पाठ, छाती, मांड्या धुतल्या जात नाहीत, आणि औषध नुसत्या पाण्याने जात नाही, त्याला साबण लागतो. आधी साबण लावून पूर्ण आंघोळ, धुतलेले कपडे, मग वजू आणि नमाज. जोहरच्या आधी हे जमण्यासारखे काम तेवढेच अंगावर घ्यावे.

रमजानचेही सांगायला हवे. सध्या तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येतो, तेव्हा भाजीपाला आणि संत्र्याच्या बागा फवारणीवर असतात. उपाशीपोटी फवारणी करू नये, हा सल्ला प्रत्येक कृषी अधिकारी देतो. शक्य असेल तर रोजेदाराने हे काम दुसऱ्यावर सोपवावे किंवा पुढे ढकलावे. कामाच्या वेळी मळमळ, चक्कर सुरू झाली तर मगरिबपर्यंत कळ काढत बसू नये. आजारपणात रोजा सोडण्याची मुभा आहे आणि कजा नंतर करता येतो.

आता घरातली बाटली. 16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून 23 मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघाले. शाळेत खिचडी शिजते तेव्हा आम्हा शिक्षकांना ती गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. भाजीपाल्यावर या औषधाला 2005 पासूनच बंदी होती, तरी ते घराघरांत पोहोचलेले होते.

एकदा सातवीच्या वर्गात आम्ही विचारले, तुमच्या घरी फवारणीचे औषध कुठे ठेवतात? उत्तरे पटापट आली. पलंगाखाली, मोरीच्या फळीवर, गव्हाच्या कोठीमागे. एक मुलगा म्हणाला, “सर, आमच्याकडे पेप्सीच्या बाटलीत असते, कारण मोठी बाटली शेजारच्या चाचांबरोबर अर्धी-अर्धी घेतली.” वर्ग हसला. आम्हाला मात्र त्या संध्याकाळी त्याच्या घरी जावे लागले. त्याला पाच वर्षांची बहीण आहे. अम्मीने बाटली ताबडतोब पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवली, पण ‘असे कोणी सांगितलेच नाही’ हे तिचे बोलणे खरे होते. औषध मूळ बाटलीतच राहावे, कुलपात, धान्यापासून आणि चुलीपासून दूर.

फवारणीचे कपडे धुण्याचे काम घरातल्या बाईवर येते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ते कपडे बाळाच्या दुपट्यांबरोबर एकाच टोपल्यात पडतात. ते वेगळे ठेवावेत, हातमोजे घालून वेगळ्या बादलीत साबणाने धुवावेत, उन्हात वाळवावेत. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने या कपड्यांना हात लावू नये. पंपासाठी पाणी वाहून नेणारीही बहुधा तीच असते. फवारा चालू असलेल्या ओळीत तिने आणि मुलांनी जाऊ नये. रिकामा डबा तीनदा खळबळून ते पाणी पंपातच ओतावे, डब्याला भोके पाडून विहिरीपासून व वस्तीपासून दूर पुरावा. पाणी भरायला, तेल आणायला तो कदापि वापरू नये.

तोंडाला लाळ सुटणे, दरदरून घाम, डोळ्यांची बाहुली टाचणीएवढी बारीक होणे, अंधारी, उलटी, स्नायू फडफडणे, दम लागणे, ही लक्षणे दिसली की 108 ला फोन करावा. काही वेळा ती घरी आल्यावर, रात्री सुरू होतात. तोवर कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावे, डोळ्यांत गेले असेल तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाणी मारावे. दूध, तूप, ताक पाजू नये. बेशुद्ध माणसाला कुशीवर निजवावे, तोंडात काही घालू नये. आणि बाटली किंवा निदान तिचे लेबल बरोबर न्यावे. प्रत्येक विषाला उतारा वेगळा. काहींना अ‍ॅट्रोपिन लागू पडते, काहींना नाही, आणि मिश्रण मारले असेल तर डॉक्टरांना तिन्ही नावे कळायला हवीत.

राहिला प्रश्न मजुराचा. रोजाने फवारणी करणारा हा अनेकदा भूमिहीन असतो, आपल्या समाजातही असे हात पुष्कळ आहेत. आज या शेतात, उद्या त्या शेतात, आठवड्याचे सहा दिवस तो विषातच असतो. कीटकनाशके हाताळणाऱ्यांना संरक्षक कपडे असावेत अशी तरतूद 1971 च्या नियमांत आहे. हातमोजे आणि मास्क हे शेतमालकाने द्यायचे आहेत, मजुरीतून कापायचे नाहीत. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा येते, मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. पण ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एकासाठी आहे. पंप ज्याच्या पाठीवर होता त्याचे नाव कोणत्याच सातबाऱ्यावर नसेल, तर त्याच्या घरच्यांनी अर्ज कुठे करायचा? गावातल्या ज्या भाईंकडे शेती आहे, त्यांनी या हंगामात मजूर लावण्याआधी याचे उत्तर शोधून ठेवावे. कोणत्या किडीला काय आणि किती, हे विचारायला किसान कॉल सेंटरचा क्रमांक 1800-180-1551 आहे. फोन फुकट लागतो आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.