आखाती नोकरी : फिलिपिनो कारागीर पुढे का?

सोलापुरातील जुन्या गिरण्यांचे भोंगे बंद झाले, यंत्रमागावरच्या कामाचाही भरवसा उरला नाही. तेव्हापासून वेल्डर, इलेक्ट्रिशियन, एसी मेकॅनिक, शिंपी, स्वयंपाकी अशा आमच्या कारागीर बंधूंची नजर रियाध, दुबई, दोह्याकडे लागलेली असते. हुनरात ते कोणाला हार जाणारे नाहीत. तरीही त्याच कामावर शेजारी उभा असलेला फिलिपिनो अनेकदा जास्त पगार घेतो. असे का, याचा विचार आमच्या व्यापारी व कारागीर वर्गाने करायला हवा.

फिलिपिन्सने 1974 च्या कामगार कायद्यातच परदेशी नोकरीचा विषय घेतला आणि 1982 मध्ये त्यासाठी स्वतंत्र सरकारी खाते उभारले. 1994 पासून तेथे कारागिराच्या हुनराची परीक्षा घेऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र देणारी संस्था आहे. काम वर्कशॉपमध्ये शिकलेले असले तरी परीक्षेला बसता येते. एजंटाला एका महिन्याच्या पगाराहून अधिक फी घेता येत नाही, आणि घरकामाला जाणाऱ्यांकडून तर काहीच घेता येत नाही. 2018 साली कुवेतमध्ये एका फिलिपिनो मोलकरणीचा मृतदेह फ्रीजरमध्ये सापडला, तेव्हा मनिला सरकारने तिकडे माणसे पाठवणेच थांबवले. कुवेतला करार करावा लागला. मालकाने पासपोर्ट अडकवून ठेवू नये, हे त्यात लिहून घेतले गेले. माणसांच्या पाठीशी सरकार असे उभे राहिले की मालकही भाव करताना विचार करतो.

आमच्याकडे कायदा नाही असे नव्हे. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली एजंटाला परवाना लागतो, आणि 2017 पासून त्याच्या फीची मर्यादा 30,000 रुपये अधिक कर अशी ठरली. परवानाधारकांची नावे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतात. पण आमचा तरुण गाठतो तो मोहल्ल्यातला ओळखीचा दलाल, ज्याच्याकडे कसलाच परवाना नसतो. आईचे दागिने गहाण पडतात किंवा सावकाराकडून व्याजाने रक्कम उचलली जाते. हलाल कमाईसाठी निघालेल्या माणसाची पहिली दोन वर्षे सूद फेडण्यातच जावीत, याहून वाईट सौदा कोणता? त्यात व्हिजिट व्हिसावर पाठवले तर परवानगी नाही, विमा नाही, तक्रारीला जागाही उरत नाही.

दुसरी उणीव कागदाची. उस्तादाच्या हाताखाली दहा वर्षे घालवलेला वेल्डर कागदावर 'हेल्पर' म्हणून जातो आणि हेल्परचाच पगार घेतो. सौदी अरेबियाने तर प्लंबर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन अशा कामांसाठी निघण्यापूर्वीच चाचणी लावली आहे. आयटीआयचे प्रमाणपत्र नसेल त्यांच्यासाठी कौशल्य विकास योजनेत अनुभवाची परीक्षा घेऊन दाखला देण्याची सोय 2015 पासून झाली. वर्कशॉपच्या मालकांनीही आपल्या जुन्या कारागिरांना अनुभवाचा लेखी दाखला द्यायला कुचराई करू नये. त्यात त्यांचा एक पैसाही जात नाही.

करारपत्र मात्र निघण्यापूर्वी वाचून घ्यावे. अरबी मजकूर असेल तर जाणकार मौलाना किंवा तिकडून परतलेल्या बुजुर्गाला दाखवावा. पगार, कामाचे तास, राहण्याची सोय, परतीचे तिकीट आणि पद हे सारे त्यात आहे का ते पाहावे, आणि एक प्रत घरी ठेवूनच निघावे.