मार्कंडेयच्या मागावर

खडेबाजारातल्या आमच्या जुन्या घराचा जोता काळ्या दगडाचा. बेळगावात दगड म्हणजे काळा, नाहीतर जांभा. आपल्या भागात तिसराही दगड आहे, हे मला एका नदीनं दाखवलं.

राकसकोपच्या जलाशयाचं पाणी आम्ही लहानपणापासून पितो. ते मार्कंडेय नदीचं. हिंडलगा, कंग्राळी, काकतीपर्यंत ती ओळखीची. पुढं ती जाते कुठं, हे बघायला ऑगस्टमधल्या एका सकाळी आम्ही दोघं मित्र मोटारसायकलवर निघालो. पाच्छापूर मागं पडलं तशी काळी माती सरली आणि चाकाखाली वाळू करकरू लागली. गोडचिनमलकीच्या रानात गाडी लावली. धबधबा दिसायच्या आधीच ऐकू येत होता.

झाडी संपली आणि पुढं जमीनच नव्हती. राकसकोपला मुकाट पडून असणारी आमची नदी इथं सुमारे 25 मीटर खाली कोसळत होती, खडकाळ घळीतून धावत जाऊन पुन्हा 20 मीटरची उडी घेत होती. आणि कडे काळे नव्हतेच! तांबूस, पिवळसर, थरावर थर. आम्ही खाली उतरलो. एका कोरड्या फरशीवर टेकलो, तर हाताला बारीक वळ्या लागल्या, समांतर, एकसारख्या. ओहोटीनंतर समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत उमटतात तशा, पण दगडात. कितीतरी वेळ मी त्यांवरून नुसता हात फिरवत राहिलो.

हा वालुकाश्म. आमच्या जोत्याचा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हा त्याच्याहून कित्येक पटींनी जुना. जमिनीवर पहिलं झाड उगवायच्याही आधी उथळ पाण्यातल्या लाटांनी ही वाळू विंचरली होती. लाव्ह्याचा थर या बाजूला संपत येतो, म्हणून हा वालुकाश्म उघड्यावर आहे. भेगांत पाणी शिरतं, चिरे सुटून पडतात आणि कडे उभेच्या उभे राहतात. घटप्रभेचा 52 मीटरचा गोकाक धबधबाही वालुकाश्माच्याच कड्यावरून पडतो.

"वर या की लवकर! पाण्याचा रंग बघा!" कड्यावरून घोंगडी पांघरलेला एक गुराखी ओरडत होता. वळून पाहिलं. पांढरा फेस गढूळ तांबडा झाला होता. हातापायांनी खडक धरत वर आलो तोवर आमची फरशी पाण्याखाली गेली होती. छातीतली धडधड बराच वेळ थांबेना. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा रॉबर्ट ब्रूस फूट भेटले. 1863 मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला अश्मयुगीन हत्यार शोधणारे हेच भूगर्भशास्त्रज्ञ. त्यांना गोकाकजवळ गाळात एका नामशेष गेंड्याची हाडं सापडली आणि 1874 मध्ये त्यांनी त्याला 'ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस' असं नाव दिलं. आज उसाचे फड दिसतात त्या मुलखात एकेकाळी गेंडे चरत होते! आपल्या जिल्ह्यातली ही गोष्ट मला शाळेत कुणी सांगितली नव्हती. आता मी भेटेल त्या मुलाला सांगतो.

तुम्ही गोडचिनमलकीला जरूर जा. पावसाळ्यात मात्र कड्यावरूनच बघा. वळ्यांवर हात ठेवायचा असेल तर पाणी आटल्यावर या. त्या कुठं जात नाहीत.