दुकानाचा मोबाईल जप्त होतो तेव्हा

हल्ली वडसा, अहेरी, बल्लारपूरकडील आमचा बराचसा कापड व्यवहार मोबाईलवरच चालतो. सुरतचा भाव, उधारी, गिऱ्हाइकाचे निरोप, सारे त्यातच साठलेले असते. ही गिऱ्हाइकाची अमानतच आहे. ती कोण पाहू शकतो, हे व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घ्यावे.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. परंतु रोजच्या व्यवहारात प्रश्न येतो तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचा. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. टपाल खात्याच्या ताब्यातील पत्र तपासासाठी हवे असल्यास कलम ९५ प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र किंवा उच्च न्यायालयाचा आदेश लागतो. मोबाईल व त्यातील निरोपांसाठी मात्र कलम ९४ प्रमाणे ठाणेदाराचा लेखी आदेशही पुरतो. म्हणजे टपालातल्या पत्राला जेवढे संरक्षण, तेवढे मोबाईलमधील निरोपाला नाही.

म्हणूनच जप्तीची रीत महत्त्वाची ठरते. गडचिरोली सत्र न्यायालयाने ७ मार्च २०१७ रोजी प्रा. जी. एन. साईबाबा व इतरांना दोषी ठरविले. दिल्लीच्या घरातून जप्त केलेल्या हार्ड डिस्क, पेन ड्राइव्हमधील मजकुराचा त्यात मोठा आधार होता. ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्वांना निर्दोष सोडले. पंच म्हणून निरक्षर माणूस घेतला होता आणि जप्ती सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

आता कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे आहे. कलम १०३ प्रमाणे दोन निःपक्ष, प्रतिष्ठित पंच लागतात व जप्त वस्तूंच्या यादीची प्रत आपल्याला मिळाली पाहिजे. जीएसटीच्या झडतीला कलम ६७ प्रमाणे संयुक्त आयुक्त किंवा वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. जप्त कागदपत्रांच्या नकला घेण्याचा हक्कही त्याच कलमात आहे. तपासाला बाधा येत असेल तरच तो नाकारता येतो.

तेव्हा अधिकारी आल्यास अडवू नये, काही पुसूही नये. पुरावा नष्ट करणे हाच गुन्हा होतो. लेखी आदेश मागावा, पंचनामा वाचूनच सही करावी, मोबाईलचा क्रमांक त्यात लिहवून घ्यावा. दुकानाचा मोबाईल घरच्यापासून वेगळा ठेवावा, म्हणजे धंद्याच्या चौकशीत घरातल्या गोष्टी उघड्या पडणार नाहीत. हिशोबाची नक्कल दर आठवड्याला दुसरीकडे काढून ठेवावी. मोबाईल महिनोन्‌महिने अडकला तरी उधारीची वही आपल्या हाती राहील.