बंद कोंबडीघरांतील हवेचा दाब आणि वाऱ्याचा वेग

शेतीस जोडधंदा म्हणून कुक्कुटपालन करणारे आमचे पुष्कळ शेतकरी बांधव आतां जाळीच्या उघड्या शेडऐवजीं बंद शेड बांधूं लागले आहेत. व्यवहारांत तिला ई. सी. शेड म्हणतात. शेडच्या एका टोकास पाणी झिरपणारे जाड कागदी कूलिंग पॅड, दुसऱ्या टोकास मोठमोठे पंखे आणि मधल्या लांबलचक घरांत हजारों पक्षी, अशी तिची रचना असते. पंखे आंतील हवा बाहेर फेंकतात. तिची जागा भरण्यास बाहेरची हवा पॅडमधून आंत येते आणि ओल्या पॅडांतून येतांना थंड होते. ही व्यवस्था नीट चालली तर भर उन्हाळ्यांतही पक्षी सुखानें वाढतात. ती बिघडली तर वैशाखांतील एका दुपारीं सगळा लॉट हातचा जातो आणि शेडसाठीं काढलेलें कर्ज मात्र अंगावर राहतें.

उन्हाळ्यांत मर होऊं लागली कीं मालकाच्या मनांत पहिला विचार येतो तो हा, कीं आणखी दोन पंखे बसवावे. आमचें म्हणणें असें आहे कीं, पंखे विकत घेण्यापूर्वीं शेडमधील हवेचा दाब मोजावा. पंख्यांची संख्या म्हणजे हवा नव्हे. पंखा किती हवा ओढील हें एकट्या पंख्यावर ठरत नाहीं. हवेच्या वाटेंत अडथळा किती आहे ह्यावरही तें तितकेंच ठरतें. हा अडथळा दाखविणारी खूण म्हणजे शेडमधील स्थिर दाब होय.

स्थिर दाब म्हणजे काय, हें ठिबक संच वापरणाऱ्या शेतकऱ्यास समजावयास कठीण नाहीं. गाळणीच्या आधीं एक व गाळणीच्या पुढें एक असे दोन दाबमापक आपण पाहतों. गाळणी स्वच्छ असली म्हणजे दोहोंतील फरक थोडा असतो; ती गाळानें भरली म्हणजे फरक वाढतो, आणि मोटार तीच असूनही शेवटच्या ओळीस पाणी कमी पोहोंचतें. बंद शेडमध्यें पॅड ही गाळणी, पंखा ही मोटार व हवा हें पाणी समजावें. पंखे चालू झाले कीं आंतील हवेचा दाब बाहेरच्या हवेहून किंचित् कमी होतो. हा जो आंत-बाहेरचा फरक, त्यालाच शेडचा स्थिर दाब म्हणतात. हा फरक आहे म्हणूनच बाहेरची हवा आंत शिरते.

हवेसही वजन व दाब आहे, हें तोरिचेल्ली ह्या इटालियन शास्त्रज्ञानें १६४३-४४ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीनें दाखवून दिलें. समुद्रसपाटीस हवेचा दाब सुमारें दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. त्या मानानें शेडमधील फरक फारच सूक्ष्म असल्यामुळें तो 'इंच पाणी' ह्या मापानें मोजतात. पाण्याचा एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, अथवा सुमारें २४९ पास्कल. बंद शेडमध्यें साधारणतः ०.०५ ते ०.१० इंच एवढाच दाब लागतो. म्हणजे अवघा एक ते अडीच मिलिमीटर पाण्याचा फरक! एवढ्याशा फरकावर हजारों पक्ष्यांचे प्राण अवलंबून असतात.

दाब आणि वेग ह्यांचें नातें सरळ पटीचें नसून वर्गाचें आहे. इंच पाण्यांतील दाबाचें वर्गमूळ काढून त्यास ४००५ नें गुणिलें असतां हवेचा दर मिनिटास फुटांतील वेग मिळतो. ०.०१ इंच दाबानें हवा फटीतून सुमारें ४०० फूट वेगानें आंत येते, ०.०४ इंचानें ८०० फूट व ०.०९ इंचानें १२०० फूट. म्हणजे वेग दुप्पट करण्यास दाब चौपट लागतो. त्याच वाटेनें अधिक हवा ओढूं पाहणें किती महाग पडतें, तें ह्यावरून दिसेल.

आतां पंख्याची बाजू पाहूं. चांगला कारखानदार पंख्याबरोबर एक कोष्टक देतो, व कोणत्या दाबावर पंखा मिनिटास किती घनफूट हवा देईल तें त्यांत लिहिलेलें असतें. समजा, एका पंख्याचें कोष्टक असें आहे : ०.०५ इंचावर २२,००० घनफूट, ०.१० इंचावर २०,००० व ०.२० इंचावर १५,४००. दाब वाढला कीं हवा घटते, हें त्यांत स्पष्ट आहे. ०.२० वरील आंकड्यास ०.०५ वरील आंकड्यानें भागलें असतां पंख्याचा दम कळतो. ह्या उदाहरणांत तो ०.७० येतो. बाजारांतील पंख्यांत हा आंकडा साधारण ०.६५ ते ०.८५ असतो, जितका मोठा तितका पंखा अडथळ्यास कमी नमतो. दाबाचा उल्लेख न करतां नुसती 'इतके घनफूट हवा' अशी जाहिरात असेल, तर ती मोकळ्या तोंडाची हवा समजावी. खरेदीच्या वेळीं ०.१० इंचावरील आंकडा मागावा.

ह्याच पंख्याचा हिशेब पुरा करूं. शेड ४० फूट रुंद व सरासरी ८ फूट उंच असेल, तर तिचा छेद ३२० चौरस फूट झाला. पक्ष्यांवरून मिनिटास ५०० फूट वेगानें वारा हवा असेल, तर १,६०,००० घनफूट हवा लागेल, म्हणजे ०.१० इंच दाबावर आठ पंखे. सहा इंच जाडीच्या पॅडांतून मिनिटास ४०० फुटांहून अधिक वेगानें हवा ओढूं नये. तेव्हां पॅड निदान ४०० चौरस फूट पाहिजेत. इतकें जुळलें म्हणजे शेड ठीक बांधली असें म्हणतां येईल.

पुढें बोअरच्या जड पाण्यानें पॅडांवर क्षार चढले, शेवाळ धरलें व दाब ०.२० इंचावर गेला. आतां प्रत्येक पंखा १५,४०० घनफूट हवा देणार. आठ पंख्यांची मिळून हवा १,२३,२०० घनफूट व वेग ३८५ फूट. वीज आठही पंख्यांची जळत आहे. पण हवा सहा पंख्यांएवढीच मिळत आहे. मालक दोन नवे पंखे आणील तर दाब आणखी चढेल व नव्या-जुन्या सर्वच पंख्यांची हवा घटेल. अगदीं स्वच्छ पॅडांच्या शेडमध्येंही आठांचे दहा पंखे केले, तर पंखे पंचवीस टक्के वाढूनही हवा सुमारें पंधरा टक्केच वाढते. उलट पॅड धुऊन काढले, टांकीतील खारवलेलें पाणी वेळोवेळीं काढून टाकलें व पॅड रोज रात्रीं कांहीं वेळ पूर्ण सुकूं दिले, तर गेलेले दोन पंखे फुकट परत मिळतात.

वारा इतका कां जपावयाचा, तेंही सांगितलें पाहिजे. कोंबडीस घाम येत नाहीं. तिच्या अंगाची उष्णता सुमारें ४१ अंश सेल्सिअस असते, व हवा तापली म्हणजे धापा टाकणें एवढाच उपाय तिच्यापाशीं उरतो. विदर्भांत हवा ४२ अंश तापलेली व आर्द्रता २० टक्के असेल, तर चांगले पॅड ती हवा सुमारें २९ अंशांपर्यंत उतरवितात. कोंकणांत ३४ अंश उष्णता व ६० टक्के आर्द्रता असतां तेच पॅड जेमतेम पांच अंश उतार देतात. म्हणून दमट प्रदेशांत पक्षी वाचवितो तो मुख्यतः वारा. आणि वाऱ्याचा वेग घटला कीं पॅड कितीही ओले असले तरी उपयोग होत नाहीं.

दुसरा शत्रु म्हणजे फटी. हवा नेहमीं सोपी वाट धरते. दारें, पडद्यांच्या कडा, पत्र्याचे सांधे व बंद पंख्यांचीं शटरें ह्यांतून गरम हवा सरळ आंत येते व तेवढी हवा पॅडमधून येत नाहीं. ह्याची परीक्षा अशी करावी : सर्व खिडक्या, दारें व पॅडांचीं तोंडें घट्ट बंद करावीं व जमिनीच्या दर चौरस फुटास मिनिटाला सुमारें एक घनफूट हवा पडेल इतकेच पंखे चालवावे. दाब ०.१५ इंचांच्या पुढें गेला तर शेड घट्ट आहे. बराच खालीं राहिला तर फटी शोधाव्या. ही परीक्षा शेड रिकामी असतांनाच करावी. आंत पक्षी असतां ती करूं नये.

दाबमापक बाजारांत मिळतो. परंतु घरींही कामापुरता करतां येतो. रुंद तोंडाच्या बाटलींत शाईचा थेंब टाकलेलें पाणी घ्यावें. बाटलीच्या तळापासून एक पारदर्शक बारीक नळी फळीवर तिरपी बांधावी; दहा इंच लांबीस एक इंच चढ द्यावा. नळीचें वरचें टोक रबरी नळीनें शेडच्या आंत न्यावें व बाटली बाहेर, परंतु वाऱ्याच्या झोतापासून आडोशास ठेवावी. पंखे बंद असतां पाणी जेथें उभें राहील तेथें शून्याची खूण करावी. पंखे चालू होतांच पाणी नळींत वर चढेल. तिरपेपणामुळें प्रत्येक माप दहापट मोठें दिसतें, म्हणून ०.१० इंच दाबास पाणी नळींत एक इंच सरकतें व डोळ्यांस सहज वाचतां येतें.

मापक वाचतांना एक गोष्ट ध्यानांत धरावी. सर्व पंखे चालू असतां दाब नेहमींपेक्षां जास्त दिसला, तर हवा आंत येण्याची वाट अडली आहे, पॅड पाहावे. दाब कमी दिसला, तर 'अडथळा नाहीं, सगळें ठीक आहे' असें समजूं नये. फटी वाढल्या तरी दाब पडतो, आणि पंखे थकले तरीही पडतो. पंख्याच्या शटरवर पिसें व धूळ बसली, किंवा पट्टा सैल होऊन पुलींत खोल बसूं लागला, तर हवाही घटते व दाबही घटतो. पंख्याचे फेरे दहा टक्के कमी झाले तर हवा दहा टक्के कमी होते, पण दाब देण्याची शक्ति एकोणीस टक्के घटते. म्हणून दाबाबरोबर शेडच्या मध्यभागीं वायुवेगमापकानें वाऱ्याचा वेगही पाहावा. दाब व वेग दोन्ही घटले असतील तर आधीं पट्टे व शटरें पाहावीं, मग फटी. एकाच आंकड्यावर निकाल देऊं नये.

हिवाळ्यांत लहान पिल्लें आंत असतात व शेड ऊबदार ठेवावी लागते. तेव्हां ऊब टिकविण्यासाठीं हवा अजीबात बंद करण्याकडे पुष्कळांचा कल असतो. पण त्यामुळें तुसांतील ओल व अमोनियाचा उग्र वास वाढतो. थोडी हवा घ्यावीच लागते, आणि ती बाजूच्या झडपांतून छताकडे फेंकली गेली पाहिजे. पुरेसा दाब असला तर थंड हवा छताच्या मध्यापर्यंत जाते, तेथील गरम हवेंत मिसळते व मग खालीं येते. दाब अपुरा असला तर ती भिंतीशींच कोसळून पिल्लांच्या अंगावर पडते. दर ०.०१ इंच दाबास हवा सुमारें दोन फूट जाते, असा ढोबळ आडाखा आहे. ४० फूट रुंद शेडच्या मध्यापर्यंत, म्हणजे वीस फूट, हवा जाण्यास ०.१० इंच दाब धरावा. दाब कमी पडल्यास पंखे न वाढवितां झडपा थोड्या मिटाव्या.

कोंबड्या न पाळणाऱ्या वाचकांसही हा नियम उपयोगाचा आहे. द्राक्षांच्या पूर्वशीतन खोलींत पंखे थंड हवा पेट्यांच्या भोंकांतून ओढतात. पेट्या रचतांना भोंकें एकमेकांसमोर आलीं नाहींत, किंवा दोन थप्प्यांमध्यें मोकळी फट राहिली, तर हवा घडांपर्यंत न जातां फटीतून निघून जाते व माल निवण्यास फार वेळ लागतो. कांद्याच्या चाळींत ढीग फार उंच केला तर हवेची वाट लांबते व आंतील कांदा तापून सडतो. वस्तु निराळ्या, पण हवेचा स्वभाव एकच.

बंद शेडमध्यें वीज गेली तर पंखे थांबतात आणि थोड्याच वेळांत पक्षी तडफडूं लागतात. म्हणून जनित्र सदैव सज्ज असावें व तें आठवड्यांतून एकदां भारासह चालवून पाहावें.

सरतेशेवटीं आमची सूचना एवढीच, कीं खाद्य व मर ह्यांची नोंद जशी आपण रोज ठेवतों, तसेच चार रकाने आणखी आंखावे : दुपारचा दाब, चालू पंखे, मधल्या वाऱ्याचा वेग आणि पॅड धुतल्याची तारीख. नव्या किंवा स्वच्छ केलेल्या शेडचे पहिले आंकडे लाल शाईनें लिहून ठेवावे. पुढचे सर्व त्यांच्याशीं ताडून पाहावे. फरक दिसूं लागला कीं उन्हाळा लागण्यापूर्वीं दुरुस्ती करतां येते, व नवे पंखे खरोखर पाहिजेत कीं नकोत हेंही त्याच वहीवरून कळतें.